विठ्ठल रामजी शिंदे यांना त्यांच्या धर्मासह आठवावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत महाराष्ट्रातील समाजसुधारकांविषयी अलीकडे जो लेख आला, त्यात महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या वाट्याला एकच वाक्य आले आहे. त्यांनी अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या, असे ते वाक्य. ते खरे आहे आणि पुरवणीतील जागेची अडचणही मी समजू शकतो. परंतु हेच वाक्य त्या काळातील एखाद्या दानशूर शेटजीला किंवा एखाद्या मिशनरी पाद्र्यालाही लावता आले असते. बी. ए. होऊन कायद्याचा अभ्यास करीत असलेला, बडोद्याच्या महाराजांची मर्जी संपादन केलेला एक मराठा तरुण वकिलीची वाट सोडून परळच्या गिरणी वस्तीत आपले सारे कुटुंब घेऊन का जातो, याचा उलगडा त्या वाक्यातून होत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे तो उलगडा शिंदे यांच्या धर्मात आहे, आणि नेमका तोच भाग त्यांच्याविषयीच्या बहुतेक लेखनातून आणि जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांतून गळालेला असतो. त्याविषयी थोडे सविस्तर लिहावे म्हणून हे पत्र.

हे गळणे आपोआप झालेले नाही. आपल्याकडील पुरोगामी वक्त्यांना शिंदे यांचे अस्पृश्यांसाठीचे मिशन हवे असते, पण त्यांची उपासना, त्यांचा ईश्वर आणि प्रार्थना समाजाच्या वेदीवरून त्यांनी केलेली प्रवचने यांमुळे ते काहीसे संकोचतात. दुसऱ्या बाजूला हिंदू धर्माचा अभिमान मिरवणाऱ्या संस्थांना मूर्तिपूजा, पुरोहित आणि जातिभेद न मानणारा हा हिंदू आपल्या मंडपात बसवून घेणे अवघड जाते. परिणामी दोघेही त्यांना शाळा काढणारे सज्जन गृहस्थ म्हणून हार घालतात आणि मोकळे होतात.

शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी त्या वेळच्या जमखंडी संस्थानात झाला. घर वारकरी परंपरेतले होते आणि वडील रामजीबाबा विठ्ठलभक्त होते. अभंग आणि कीर्तन त्या मुलाच्या कानावर पाळण्यापासूनच पडत होते. १८९१ साली मॅट्रिक झाल्यावर पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना मिल आणि स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञांच्या वाचनाने त्यांच्या श्रद्धेची पडझड झाली. त्या पिढीतील बऱ्याच तरुणांचा प्रवास इथेच थांबला आणि ते आयुष्यभर अज्ञेयवादी राहून उत्तम सरकारी नोकऱ्या करीत राहिले. शिंदे यांना मात्र ही रिकामी जागा सोसली नाही. १८९८ साली, म्हणजे बी. ए. झाले त्याच वर्षी, त्यांनी प्रार्थना समाजाची दीक्षा घेतली. ईश्वर एक आहे, त्याच्यापाशी जाण्यास मध्यस्थ लागत नाही, कोणताही ग्रंथ संपूर्ण ईश्वरप्रणीत नाही आणि सर्व माणसे त्याची लेकरे म्हणून परस्परांची भावंडे आहेत, या प्रार्थना समाजाच्या तत्त्वांत त्यांना आपल्या बुद्धीशी तडजोड न करता भक्ती करता येईल असा आश्रय सापडला. समाजाच्या उपासनेत तुकोबांचे अभंग म्हटले जात, त्यामुळे जमखंडीच्या घरापासून ते फार दूर आले होते असेही म्हणता येत नाही.

१९०१ साली युनिटेरियन, म्हणजे ईश्वर एकच मानणाऱ्या उदारमतवादी ख्रिस्ती पंथाच्या, मंडळींची शिष्यवृत्ती मिळून ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास करण्यास गेले, आणि त्या प्रवासाला सयाजीराव गायकवाड यांचा हातभार होता. तिथे एस्टलिन कार्पेंटर यांच्यासारखे अध्यापक त्यांना लाभले आणि बौद्ध धर्माचा व पालीचा परिचय झाला. विलायतेत बॅरिस्टर होण्यासाठी जाण्याच्या त्या काळात हा माणूस धर्म शिकून १९०३ साली परत आला आणि तुटपुंज्या वेतनावर मुंबई प्रार्थना समाजाचा प्रचारक झाला. या निर्णयाला घरादाराने काय किंमत मोजली असेल, याची कल्पना ज्यांच्या घरात एकच शिकलेला मुलगा असतो त्यांना सहज येईल.

इथे प्रार्थना समाजाविषयी स्पष्टपणे लिहिले पाहिजे. १८६७ साली स्थापन झालेल्या या समाजात न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, न्यायमूर्ती चंदावरकर यांच्यासारखी थोर माणसे होती आणि त्यांच्या विद्वत्तेविषयी आणि सचोटीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही समाजाचा वावर बव्हंशी सुशिक्षित, सुस्थित, उच्चवर्णीय वर्तुळापुरता राहिला आणि त्यातील अनेकांच्या घरी, उपासना मंदिरात म्हटलेल्या प्रार्थनेचे सोवळ्याओवळ्यापुढे काही चालत नसे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहाच्या प्रकरणात खुद्द रानडे यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्यामागे घरच्यांचा जीव कोंडू नये ही माणुसकीची भावना होती, हे मी मान्य करतो. परंतु अशा तडजोडींमुळे तत्त्व उपासना मंदिरात राहिले आणि चूल घरी जिथे होती तिथेच राहिली, हेही नाकारण्यात अर्थ नाही.

शिंदे प्रचारक म्हणून देशभर हिंडले. १९०५ च्या सुमारास अहमदनगरजवळच्या भिंगार येथे अस्पृश्यांची एक सभा रात्री उशिरा भरली होती. शिंदे त्या सभेला गेले, तिथली गाऱ्हाणी त्यांनी ऐकली आणि त्या लोकांच्या कामाला आयुष्य वाहण्याचा निश्चय त्यांनी त्याच रात्री केला. त्या लोकांचा प्रश्न फी माफीचा किंवा वह्या-पुस्तकांचा असता, तर एखाद्या निधीने तो सुटला असता. ज्या धर्माच्या नावाने त्यांना गावाबाहेर ठेवले होते, त्याच धर्माचा एक प्रचारक त्यांच्यासमोर बसलेला होता, आणि उत्तर त्याला द्यायचे होते.

१८ ऑक्टोबर १९०६ रोजी, ऐन दिवाळीच्या दिवसांत, परळ भागात मिशनची पहिली शाळा उघडली. डिप्रेस्ड क्लासेस मिशन हे या संस्थेचे इंग्रजी नाव, आणि भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी हे मराठी. चंदावरकर अध्यक्ष होते आणि शिंदे कार्यवाह. शाळा, वसतिगृहे, दवाखाना, भजन समाज आणि शिवणकामासारखी घरगुती कामे शिकवण्याचे वर्ग असा पसारा पुढे वाढत गेला आणि मुंबई, पुणे, हुबळी, मंगळूर अशा गावांतून शाखा निघाल्या. पुण्यात इंदूरच्या तुकोजीराव होळकर यांच्या देणगीतून भोकरवाडीत जे अहल्याश्रम उभे राहिले, ते या कामाचे सर्वांत ठळक स्मारक म्हणता येईल.

माझे लक्ष मात्र इमारतींपेक्षा दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. हे काम शिंदे यांनी घराबाहेर ठेवले नाही. आईवडील, पत्नी रुक्मिणीबाई, बहीण जनाक्का आणि लहान मुले अशा साऱ्या कुटुंबासह ते मिशनच्या जागेत अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या सहवासात राहिले. जनाक्कांचे बालपणी लग्न झाले होते आणि सासरी त्यांचे फार हाल झाले होते. त्यांना माहेरी परत आणून शिकवण्यासाठी शिंदे यांनी विद्यार्थिदशेतच धडपड केली होती. सासरी टाकलेल्या त्या बाई पुढे मिशनच्या निराश्रित सेवासदनात परळच्या वस्त्यांतून घरोघर फिरून आजाऱ्यांची विचारपूस करीत, बायकामुलांना मदत करीत. पंढरीची वारी केलेल्या पिढीतले वडील आणि आई त्याच छपराखाली, अस्पृश्य मुलांच्या पंक्तीशेजारी राहत होते. १९०६ नंतरच्या काळात एका मराठा कुटुंबाने हे करणे म्हणजे सोयरीक, पाहुणे, लग्नकार्ये आणि मर्तिकाचे खांदेकरी या सर्वांवर पाणी सोडणे होय. स्वजातीतल्या लोकांनी त्यांना ‘महार शिंदे’ म्हणून हिणवले. माझ्या मते पंचहौदच्या चहापासून इथपर्यंत मराठी समाजसुधारणेने जे अंतर कापले, ते या एका कुटुंबाच्या स्वयंपाकघरात मोजता येते, आणि रुक्मिणीबाई व जनाक्का यांची नावे एकाही पाठ्यपुस्तकात ठळकपणे येऊ नयेत याचे मला वाईट वाटते.

याच्याशी ताडून पाहावा असा एक प्रसंग मार्च १९१८ चा आहे. मुंबईत सयाजीराव गायकवाड यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यता निवारणाची अखिल भारतीय परिषद भरली. ती घडवून आणण्यात शिंदे यांचाच पुढाकार होता. त्याआधी काही महिने, १९१७ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये ॲनी बेझंट अध्यक्ष असताना, अस्पृश्यता दूर करण्याचा ठराव प्रथमच संमत झाला होता आणि त्यामागेही शिंदे यांचे प्रयत्न होते. मुंबईच्या परिषदेत लोकमान्य टिळक आले, बोलले, आणि देव जर अस्पृश्यता मानत असेल तर मी त्याला देव म्हणणार नाही अशा आशयाचे त्यांचे उद्गार टाळ्यांच्या कडकडाटात गाजले. आजही ते उद्धृत केले जातात. त्यानंतर एक जाहीरनामा सह्यांसाठी फिरला. आपण स्वतःच्या रोजच्या व्यवहारात अस्पृश्यता पाळणार नाही, असे सही करणाऱ्याने त्यात कबूल करायचे होते. लोकमान्यांनी त्यावर सही केली नाही. लोकमान्यांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. अनुयायांना बरोबर घेऊन चालण्याची त्यांची अडचण खरी होती. शिंदे यांची पद्धत कळावी म्हणून मी हा प्रसंग दिला. भाषण करून घेतल्यावर त्यांना कागद पुढे करायचा होता, आणि त्या कागदावर ‘देशात’ किंवा ‘समाजात’ असे न लिहिता ‘माझ्या स्वतःच्या व्यवहारात’ असे लिहायचे होते. ही पद्धत प्रचारकाची आहे. सभासदांच्या संख्येवर किंवा टाळ्यांवर समाधान मानणाऱ्या राजकारणी माणसाला ती सुचणार नाही, आणि सुचली तरी परवडणार नाही.

धर्म आणि व्यवहार यांची फारकत न करण्याच्या या हट्टामुळे राजकारणात ते कुठेच नीट बसले नाहीत. १९१७ साली त्यांनी मराठा राष्ट्रीय संघ काढून मराठा समाजाला राष्ट्रीय चळवळीत आणण्याचा प्रयत्न केला, तेव्हा ब्राह्मणेतर पुढाऱ्यांना ते टिळकपक्षाचे वाटले. १९२० साली पुणे नगरपालिकेत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करताना मुलींना वगळण्याचा प्रश्न आला, तेव्हा रमाबाई रानडे यांच्यासह ते मुलींच्या बाजूने रस्त्यावर उतरले आणि पैशाअभावी आधी मुलांचे पाहू म्हणणाऱ्या टिळकपक्षाच्या विरोधात उभे राहिले. त्याच वर्षीच्या कौन्सिलाच्या, म्हणजे प्रांतिक कायदेमंडळाच्या, निवडणुकीत मराठ्यांसाठी राखीव असलेली जागा घेणे त्यांनी नाकारले. ते सर्वसाधारण जागेवरून उभे राहिले आणि पडले. राखीव जागेवरून निवडून येणे त्यांना तुलनेने सोपे गेले असते. या हट्टाला कोणी भाबडेपणा म्हणेल आणि ते अगदीच चुकीचे ठरणार नाही.

आता अवघड भागाकडे वळतो, कारण शिंदे यांचा गौरव करणारे बरेच लोक तो टाळतात. अस्पृश्यांच्या राजकीय प्रतिनिधित्वाच्या प्रश्नावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि शिंदे यांचे मतभेद झाले, आणि ते वरवरचे नव्हते. कायदेमंडळातील अस्पृश्यांचे प्रतिनिधी सरकारने किंवा अस्पृश्यांच्या संस्थांनी न नेमता कौन्सिलातील निवडून आलेल्या सभासदांनी निवडावेत, अशी मिशनची सूचना होती. १९२० च्या मे महिन्याच्या अखेरीस नागपूर येथे छत्रपती शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या बहिष्कृतांच्या परिषदेत बाबासाहेबांनी या सूचनेवर कडाडून हल्ला चढवला आणि परिषदेचे मत तिच्याविरुद्ध गेले. पुढे स्वतंत्र मतदारसंघाच्या, म्हणजे अस्पृश्यांचे प्रतिनिधी फक्त अस्पृश्य मतदारांनीच निवडण्याच्या, प्रश्नावरही शिंदे विरुद्ध बाजूलाच राहिले. ज्या कौन्सिलात स्पृश्यांचेच बहुमत असणार, तिच्या सभासदांनी अस्पृश्यांचा माणूस निवडायचा, तर तो माणूस कोणाचे ऐकणार, हा बाबासाहेबांचा प्रश्न साधा होता आणि त्याला मिशनपाशी उत्तर नव्हते. इथे बाबासाहेबांचे बरोबर होते आणि शिंदे यांचे चुकले, असे माझे स्पष्ट मत आहे. बोलण्याचा आणि माणूस निवडण्याचा अधिकार ज्याचा त्याच्या हाती असावा लागतो. दुसऱ्याच्या वतीने कितीही प्रेमाने बोलले तरी ते उसनेच राहते.

परंतु ही चूक कुठून आली तेही पाहिले पाहिजे. सर्व माणसे एकाच ईश्वराची लेकरे आहेत हे ज्याच्या श्रद्धेचे पहिले कलम आहे, त्याला मतदार याद्यांत कायमची भिंत घालणे रुचत नाही. ज्या श्रद्धेने त्यांना परळच्या वस्तीत नेले, त्याच श्रद्धेने त्यांना राजकीय वास्तव पाहू दिले नाही. मिशनने अस्पृश्यांना शिकवले, आणि शिकलेले लोक आपले प्रश्न आपण मांडू लागल्यावर मिशनच्या सवर्ण चालकांची जागा कोणती, हा पेच शिंदे यांच्यापुढे उभा राहिला. मिशनच्या कारभाराची सूत्रे अस्पृश्यांकडे जावीत अशी मागणी वाढत गेली आणि १९२३ साली शिंदे यांनी मिशनमधून अंग काढून घेतले. सतरा वर्षे ज्या कामात कुटुंबासह स्वतःला झिजवले, त्यातून असे बाहेर पडताना त्यांना क्लेश झाले. मला मात्र या माघारीत मिशनचे अपयश दिसत नाही. अस्पृश्यता निवारणाच्या कामात सवर्ण माणसाने कधी पुढे यावे आणि कधी बाजूला व्हावे, याचा महाराष्ट्रातील पहिला मोठा धडा इथे आहे, आणि तो त्यांच्या चरित्रात झाकून ठेवण्याऐवजी वर्गात शिकवण्याजोगा आहे.

शेतकरी परिषदा, शेतजमिनीच्या तुकडेबंदीच्या बिलाला केलेला विरोध आणि मुली देवाला वाहून मुरळी सोडण्याच्या चालीविरुद्धची चळवळ यांचा इथे केवळ उल्लेख करतो. १९३० च्या सविनय कायदेभंगात वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी त्यांनी सहा महिने सक्तमजुरीची शिक्षा भोगली आणि येरवड्याच्या तुरुंगात रोजनिशी लिहिली. त्यांच्या उत्तरायुष्यातील ज्या कामाकडे सर्वांत कमी लक्ष गेले आहे, ते म्हणजे कौटुंबिक उपासना. मिशन सुटल्यावर काही काळ मंगळूरच्या ब्राह्म समाजात आचार्याचे काम करून ते परतले आणि पुण्यात त्यांनी कुटुंबांना धरून उपासना सुरू केली. पुरुषांनी मंदिरात जाऊन प्रवचन ऐकायचे आणि घरी बायकांनी सोवळे पाळायचे, ही प्रार्थना समाजाची जुनी फट त्यांना बुजवायची होती. म्हणून उपासना घरात, स्त्रिया आणि मुले यांच्यासह, निरनिराळ्या जातींच्या कुटुंबांनी एकत्र बसून करायची, असा तो प्रयत्न होता. पुढे आमच्या वाईतही त्यांनी ब्राह्म समाजाचे काम केले. हा प्रयत्न फार पसरला नाही. एवढ्या छोट्या कामाची बातमी होत नाही, म्हणून तो विस्मरणात गेला असावा.

अभ्यासक म्हणूनही त्यांची ओळख अपुरी राहिली आहे. ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा त्यांचा ग्रंथ १९३३ साली प्रसिद्ध झाला. बौद्ध वाङ्मय, धर्मशास्त्रे, निरनिराळ्या प्रांतांतील जातींची नावे आणि खानेसुमारीचे (जनगणनेचे) आकडे असे साहित्य त्यांनी त्यासाठी जमवले होते. त्याआधी १९२७ साली ते ब्रह्मदेशात गेले आणि बौद्ध धर्माच्या देशातही बहिष्कृत वर्ग आहे का, याची तिथे त्यांनी प्रत्यक्ष पाहणी केली. त्यांचे काही निष्कर्ष आज मानववंशशास्त्राच्या कसोटीवर टिकणार नाहीत. पण अस्पृश्यता हा करुणेचा विषय न ठेवता संशोधनाचा विषय करणारे मराठीतले ते अगदी सुरुवातीचे लेखक आहेत, आणि धर्माचा माणूस असूनही धर्मग्रंथांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करायला ते कचरले नाहीत.

मराठी आणि कानडी या भाषांच्या संबंधांवरही त्यांनी लेखन केले. त्यांचे जन्मगाव जमखंडी आज कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात आहे. सीमाप्रश्नावर तावातावाने बोलणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, असा प्रश्न मनात येतो, पण तो विषय वेगळा.

शिंदे यांचे निधन २ जानेवारी १९४४ रोजी पुण्यात झाले. २०२३ साली त्यांच्या जन्माला दीडशे वर्षे झाली. त्या वर्षी कार्यक्रम झाले, परंतु ज्या प्रमाणात व्हायला हवे होते त्या प्रमाणात झाले नाहीत. याची कारणे दूर शोधायला नकोत. आपल्याकडे थोर पुरुषाची जयंती साजरी करायला आता त्याच्या जातीचे संख्याबळ लागते. शिंदे यांच्या जातीला त्यांचा वारसा फारसा पेलवला नाही. ज्यांच्यासाठी ते झिजले, त्यांना त्यांच्याहून मोठा आणि त्यांच्या स्वतःतून उभा राहिलेला नेता मिळाला, हे योग्यच झाले. ब्राह्म आणि प्रार्थना समाज संख्येने कधीच मोठे नव्हते. त्यामुळे शिंदे कोणाचेच राहिले नाहीत. त्यांना ‘महर्षी’ म्हटले की ऐकणाऱ्याला धोंडो केशव कर्वे आठवतात आणि ‘कर्मवीर’ म्हटले की भाऊराव पाटील, हेही जाता जाता नोंदवतो. ही दोन्ही विशेषणे शिंदे यांनाही लावली जात होती.

संपादक महाशय, आपल्याकडे माझी विनंती मोठी नाही. पुढील २३ एप्रिलला किंवा २ जानेवारीला शिंदे यांच्या तसबिरीला हार घातल्याच्या छायाचित्राऐवजी आपण त्यांच्याच लेखनातील एक-दोन उतारे छापावेत. एक उतारा त्यांच्या धर्मपर व्याख्यानांतून घ्यावा, म्हणजे देव मानणारा माणूस जातिभेदाविरुद्ध कसे बोलतो ते वाचकांना कळेल. दुसरा अस्पृश्यतेवरील ग्रंथातून घ्यावा. त्यांना जाऊन साठ वर्षे कधीच लोटली आहेत, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाला स्वामित्वहक्काची अडचण उरलेली नाही आणि कोणाची परवानगी मागावी लागणार नाही. उताऱ्यांच्या शेजारी १९१८ च्या जाहीरनाम्याचा आशय चौकटीत दिल्यास उत्तम. तो जाहीरनामा सह्यांसाठी काढलेला होता आणि आपल्या वाचकांपैकी कितीजण आज त्यावर, घरच्या स्वयंपाकघराचा आणि मुलामुलींच्या लग्नाचा विचार करून, सही करतील हे आपल्या पत्रव्यवहाराच्या स्तंभातून विचारता येईल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
वाई, जि. सातारा